गाड्याबरोबर नळा : कुस्ती कोणाच्या घरात राहते?

मागच्या व्याख्यानानंतर तुमच्यापैकी काहींनी कळवलं की, "सर, आता जरा जमिनीवरचा विषय घ्या." म्हणून आज थेट मातीतला विषय घेतला आहे. विषय आहे कुस्ती. तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरानं, त्यातून मालवणच्या किनाऱ्यावरच्या माणसानं कुस्तीवर का बोलावं, हा प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे पोरं कबड्डी खेळतात, वाळूवर टेनिसच्या चेंडूनं क्रिकेट खेळतात. कुस्ती घाटावरची. मी तुम्हाला घिस्सा कसा मारावा आणि एकेरी पट कसा काढावा हे सांगणार नाही, ते मला येतही नाही. मला बोलायचं आहे ते वेगळ्या गोष्टीवर. एका मोठ्या व्यवहाराच्या सोयीसाठी कुणीतरी नकाशा आखतो आणि त्या नकाशात राहणाऱ्या एका लहान गोष्टीचं भवितव्य परस्पर ठरून जातं, हे कसं घडतं? ते नीट पाहायला कुस्तीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या एका पाटीपासून करू. वेंगुर्ल्याला बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर महाविद्यालय आहे. आपण ते नाव 'खर्डेकर कॉलेज' असं झटकन उच्चारतो आणि पुढे जातो. हे खर्डेकर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य होते आणि त्यांचा एक विद्यार्थी होता कराडजवळच्या गोळेश्वरचा खाशाबा जाधव. खाशाबा १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी १९५२ मध्ये कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

ही गोष्ट आपण नेहमी त्यागाची म्हणून सांगतो. त्याग आहेच, प्रश्नच नाही. पण मी तुम्हाला वेगळा प्रश्न विचारतो. १९४८ ला जे दरबारानं केलं ते १९५२ ला प्राचार्याला घर गहाण टाकून का करावं लागलं? मधल्या काळात काय घडलं? १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, हे घडलं. ते व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण विलीनीकरणाच्या चर्चेत कुस्ती हा विषय कुणाच्या टिपणात असेल असं मला वाटत नाही. राज्य कोणाचं, महसूल कोणाचा, तनखा किती, हे प्रश्न होते. कुस्ती त्या दरबाराच्या छपराखाली राहत होती आणि छप्पर निघालं. शाहू महाराजांनी रोमचा आखाडा पाहून येऊन खासबागेचं मैदान बांधलं, ते १९१२ साली पूर्ण झालं. मैदान जागेवर राहिलं. त्याला पोसणारं घर मात्र गेलं.

आपल्याकडे म्हण आहे, गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. वंगणाचा नळा गाडीला टांगलेला असतो. गाडी पंढरपूरला गेली की नळाही पंढरपूरला जातो, त्याची वेगळी दिंडी नसते. म्हणीत आपण नळ्याला भाग्यवान समजतो, फुकटात यात्रा घडली म्हणून. गाडीनं रस्ता बदलला तर नळ्याचं काय, हे म्हण सांगत नाही. आज तेच बघायचं आहे.

ह्या विषयाला एक उत्तम सैद्धान्तिक चौकट आहे. अलास्डेर मॅकिन्टायर हे तत्त्वज्ञ २०२५ मध्ये वारले. त्यांचं 'आफ्टर व्हर्च्यू' १९८१ चं. त्यात त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक म्हणजे साधना, प्रॅक्टिस : बुद्धिबळ, चित्रकला, शेती, वैद्यकी. हिच्यात काही फळं अशी असतात की ती साधना केल्याशिवाय मिळतच नाहीत. ढाक बरोबर बसली की पैलवानाच्या अंगातून जे काही जातं ते बाजारात विकत मिळत नाही. ही आंतरिक फळं. दुसरी गोष्ट म्हणजे संस्था. ती पैसा, पद, कीर्ती अशी बाह्य फळं गोळा करते आणि वाटते. मॅकिन्टायर भाबडे नव्हते. संस्थेशिवाय साधना टिकत नाही, हे ते मान्य करतात. आणि त्याच संस्थेची हाव साधनेला आतून पोखरते, हेही ते सांगतात. क्लब बुद्धिबळाला पोखरतो, रुग्णालय वैद्यकीला पोखरतं, अशी ही जोडी.

मी हे पुस्तक वर्षानुवर्षं शिकवलं. त्यात एक फट आहे असं मला वाटतं. मॅकिन्टायरांच्या मांडणीत प्रत्येक साधनेला स्वतःची संस्था असते. नवराबायकोचं भांडण म्हणा हवं तर. पण एखादी साधना दुसऱ्याच साधनेच्या संस्थेत भाडेकरू म्हणून राहत असेल तर? घरमालक वाईट नाही, त्याला भाडेकरूशी वैरही नाही. तो फक्त स्वतःच्या सोयीनं घर विकतो, पाडतो, वाढवतो. मग भाडेकरूचं जे होतं त्याला 'भ्रष्ट होणं' म्हणता येत नाही. ती वेगळीच जात आहे, आणि तिच्यासाठी ह्या पुस्तकात शब्द नाही.

ह्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अमेरिकेतलं आहे, म्हणून थोडं तिकडे जाऊन येऊ. तिथल्या विद्यापीठांतले खेळ 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांत खेळले जातात. पूर्वी हे गट शेजारपाजारच्या विद्यापीठांचे असत. मग अमेरिकन फुटबॉलच्या दूरचित्रवाणी हक्कांना प्रचंड भाव आला आणि ज्या गटाचा करार मोठा त्या गटात जायची धावाधाव सुरू झाली. २०२४ मध्ये पश्चिम किनाऱ्याचा जुना 'पॅक-१२' गट जवळपास रिकामा झाला. लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं, ऑरेगन आणि वॉशिंग्टन ही 'बिग टेन'मध्ये गेली. हा मुळात मध्यपश्चिमेचा गट. नाव 'टेन' आणि सभासद अठरा, हे आपल्या सहकारी पतपेढ्यांनाही जमलं नसतं. स्टॅनफर्ड पॅसिफिकच्या काठावरचं, ते 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स'मध्ये गेलं. भूगोलाच्या शिक्षकानं काय करावं?

आता ह्यात कुस्ती बघा. बिग टेनमध्ये जी चार नवी विद्यापीठं आली त्यांतल्या एकाही ठिकाणी पुरुषांचा विद्यापीठ-दर्जाचा कुस्ती संघ नाही. ऑरेगननं तर आपला संघ २००८ मध्येच बंद केला होता. म्हणजे अमेरिकन कुस्तीतल्या सगळ्यात बलाढ्य गटात एवढा भूकंप होऊनही मॅटवर तेच चौदा संघ राहिले. उलट पॅक-१२ मध्ये अॅरिझोना स्टेट आणि स्टॅनफर्ड गेल्यावर २०२४-२५ च्या हंगामात कुस्तीचे चार संघ उरले, आणि त्या चारांतला एकच, ऑरेगन स्टेट, गटाचा पूर्ण सभासद. बाकीचे तीन फक्त कुस्तीपुरते पाहुणे. आणि राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक वजनगटात जे तेहतीस मल्ल जातात त्यांतल्या बहुतेक जागा कॉन्फरन्सनिहाय वाटलेल्या असतात. म्हणजे गट विरळ झाला की प्रवेशाची वाटही अरुंद होते. पैलवान तोच, त्याचा पट तोच. दार मात्र हललं.

मालवणच्या श्रोत्यांना हे समजावून सांगायला नको. रापणकरांना विचारा. खोल पाण्यातल्या पर्ससीन जाळ्याचे परवाने, हद्दी, हंगाम हे सगळं यांत्रिक नौकांचं गणित. पण त्या गणितातली एक ओळ इकडची तिकडे झाली की किनाऱ्यावर दोर ओढणाऱ्यांच्या वाट्याला काय येणार ते ठरतं. रापणीबद्दल कुणी निर्णय घेतलेला नसतो, आणि तरीही तो झालेला असतो.

पैशाची बाजूही आहे. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयानं एक तडजोड मंजूर केली. तिच्यानुसार विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. खेळाडूंना मोबदला मिळावा हे न्याय्यच आहे. पण त्यातला बराचसा पैसा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जाणार हे उघड आहे, आणि तडजोडीसोबत प्रत्येक खेळाच्या पटावर मर्यादा आली. कुस्तीच्या संघात आता जास्तीत जास्त तीस. पूर्वी ज्या संघात चाळीस पोरं सराव करत होती, तिथल्या शेवटच्या दहा जणांनी काय केलं होतं? काही नाही. ते फक्त शेवटचे होते. आणि कुस्ती ही अशी विद्या आहे की सरावाला जोडीदार लागतो. एकट्यानं जोर-बैठका होतात, कुस्ती होत नाही. तालमीत जो कधीच जिंकत नाही त्याच्याच अंगावर जिंकणारा तयार होतो. फुटबॉलवाल्याच्या तक्त्यात हा माणूस जास्तीचा खर्च असतो.

इथं मला थोडं थांबून दुसऱ्या बाजूनं बोललं पाहिजे, नाहीतर ते वकिली भाषण होईल. फुटबॉलच्या पैशाशिवाय तिथल्या बहुतेक ठिकाणी कुस्ती उभीच राहिली नसती. आयोवासारखी जागा, जिथं कुस्तीला हजारोंनी लोक तिकीट काढून येतात, ती अपवाद. भाडेकरूला घरमालकानं इतकी वर्षं सांभाळलं, हेही खरं. आणि भाडेकरू अगदीच मुका नसतो. स्टॅनफर्डनं जुलै २०२० मध्ये कुस्तीसह अकरा खेळ बंद करायचं जाहीर केलं. मार्च २०२१ मध्ये त्यांचा शेन ग्रिफिथ विद्यापीठाचं नाव नसलेला काळा पोशाख घालून राष्ट्रीय विजेता झाला. मे महिन्यात विद्यापीठानं निर्णय मागे घेतला. त्या पोरानं भाषण केलं नाही, अंगावरची पाटी काढून टाकली. एवढं तत्त्वज्ञान मला चाळीस मिनिटांच्या तासात कधी सांगता आलेलं नाही.

ऑलिम्पिकचंही तेच. फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळानं २०२० पासून कुस्ती वगळायची शिफारस केली. प्राचीन ऑलिम्पिकमधला खेळ, पण दूरचित्रवाणीला समजत नाही, प्रेक्षक मिळत नाहीत. मग जागतिक महासंघाचा अध्यक्ष बदलला, नियम बदलले. तीन छोट्या फेऱ्यांपैकी दोन जिंकायच्या, ही पद्धत जाऊन तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि एकूण गुण ही पद्धत आली. सप्टेंबरमध्ये कुस्ती परत घेतली गेली. आता गंमत पहा. हे नियम बाहेरच्या धाकानं आले, पण कुस्तीचे जाणकार म्हणतात की आधीच्यापेक्षा बरे आहेत, मल्लाला आक्रमक व्हावं लागतं. म्हणजे बाहेरून आलेला दट्ट्या नेहमी नासवतोच असं नाही. माझ्या सिद्धान्ताला हे गैरसोयीचं आहे, पण ते आहे.

आता घरी येऊ. दरबार गेल्यावर महाराष्ट्रात कुस्तीला नवं घर मिळालं. १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद आली, १९६१ पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाने उभे राहिले आणि पैलवानांना मानधन देऊ लागले. वारणानगरचं कुस्ती मैदान हे त्याच परंपरेतलं. उसाच्या पैशावर तालमीतला खुराक चालला. ह्यात वाईट काही नाही, पण घर पुन्हा दुसऱ्याचंच. आधी राजाचं, मग सहकाराचं, आणि सहकार म्हटलं की राजकारणाचं. कुस्तीच्या मैदानावर फेटे कोणाला बांधले जातात ते एकदा मोजा. पैलवानाला शेवटी बांधतात.

२०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघानं ही परिषद बरखास्त केली. परिषदेचे अध्यक्ष शरद पवार होते. नवा राज्य संघ आला, त्याचे अध्यक्ष रामदास तडस, जे स्वतः मल्ल आहेत. वाद कोर्टात गेला. वादाचे मुद्दे मान्यतेचे, घटनेचे, अधिकाराचे. कुस्ती कशी खेळावी, माती की गादी, पंच कसे नेमावेत, ह्यावर दोन पक्षांत काही तात्त्विक मतभेद होता का? मला दिसला नाही. आणि परिणाम काय झाला? नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाल्या. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेखनं शिवराज राक्षेला हरवलं. धाराशिवला त्याच शिवराज राक्षेनं हर्षवर्धन सदगीरला हरवलं. म्हणजे एक माणूस एकाच महिन्यात महाराष्ट्र केसरी झालाही आणि हरलाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या तासाला आम्ही शिकवायचो की एकच विधान एकाच वेळी सत्य आणि असत्य असू शकत नाही. महाराष्ट्रानं ते करून दाखवलं. २०२५ मध्ये तर दोन्ही स्पर्धा एकाच जिल्ह्यात भरल्या. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके.

लोक ह्यावर हसतात. मला हसू येत नाही, कारण गदेच्या मागे नोकरी आहे. महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. विजय चौधरी, राहुल आवारे हे पोलीस उपअधीक्षक झाले ते कुस्तीवर. शिखरावरच्यांचं ठीक आहे, त्यांची नावं पेपरात येतात. पण जिल्हा पातळीवर तिसरा आलेला जो मुलगा आहे, त्याच्यासाठी कुस्ती म्हणजे शेवटी एक प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्राची किंमत ते देणारी संघटना त्या दिवशी मान्यताप्राप्त होती की नाही ह्यावर. आखाड्यात उतरण्याआधी त्यानं प्रतिस्पर्ध्याचा कसला डाव ओळखायचा? त्यानं आधी लेटरहेड ओळखायचं. वय सतरा-अठरा. बाप ऊसतोडीला किंवा दुसऱ्याच्या शेतावर. दुधाचा आणि बदामाचा खर्च घरातल्या बाकीच्यांच्या ताटातून काढलेला. त्याचं एक वर्ष वाया गेलं तर ते परत येत नाही, कारण शरीराला हंगाम असतो.

वरच्या पातळीवरही हेच. ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक महासंघानं भारतीय महासंघाला वेळेत निवडणुका न घेतल्याबद्दल निलंबित केलं. त्याआधी महिला मल्लांनी दिल्लीच्या रस्त्यावर बसून जे प्रश्न विचारले ते ह्या सगळ्यापेक्षा गंभीर होते, त्यावर एक स्वतंत्र व्याख्यान लागेल. सप्टेंबरमध्ये बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत आपले मल्ल तिरंग्याखाली खेळू शकले नाहीत. अंतिम पंघालनं कांस्यपदक मिळवलं ते तटस्थ झेंड्याखाली. स्टॅनफर्डच्या पोरानं पाटी स्वतः काढली होती. हिची काढून घेतली गेली.

आता कुणी म्हणेल, मग कुस्तीनं स्वतःचं घर बांधावं. कबड्डीनं २०१४ मध्ये लीग काढली, ती चालली. कुस्तीचीही प्रो रेसलिंग लीग २०१५ मध्ये निघाली, २०१९ नंतर कित्येक वर्षं बंद पडली. कारण उघड आहे. कबड्डी सात जणांची, तिला संघ आहे, गाव आहे, तीस सेकंदांची चढाई आहे. कुस्तीत दोन माणसं आणि त्यांच्यामध्ये बऱ्याचदा काहीच घडत नाही असं बाहेरच्याला वाटतं. जाणत्याला त्या 'काहीच नाही'मध्ये सगळं दिसतं.

आणि स्वतःचं घर कुस्तीला कधीच नव्हतं असंही नाही. जत्रेतली कुस्ती बघा. गावची वर्गणी, पंच कमिटीनं नेमलेल्या जोडी, रेवडीवरच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या इनामापर्यंत. गाव आपल्यासाठीच कुस्ती ठेवतो. त्या घराला छप्पर नाही, ऑलिम्पिकचा रस्ता नाही, त्यात जोड ठरवताना लबाड्याही होतात, आणि बायकांना तिथं कालपरवापर्यंत जागा नव्हती. मी त्याचं सुवर्णयुग करणार नाही. पण नकाशा कुठलाही बदलला तरी ती बंद पडली नाही, ह्याची नोंद घ्यावी लागते.

शेवटी आपल्या जिल्ह्याचं. सिंधुदुर्गातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. मुंबई इथून पाचशे किलोमीटर. घाट चढून गेलं की कोल्हापूर, दीडशेच्या आसपास, तिथं शिवाजी विद्यापीठ आणि गल्लोगल्ली तालमी. ही हद्द परीक्षा, पदव्या, प्रशासन ह्यांसाठी आखलेली आहे आणि त्या कामासाठी ती चुकीची असेलच असं नाही. पण आमच्याकडच्या एखाद्या पोराला कुस्ती करायची झाली, तर ज्या विद्येचं माहेर शेजारी आहे तिच्यासाठी त्याची स्पर्धेची वाट मात्र उलट दिशेला जाते.

अमेरिकेच्या उदाहरणातली एक गोष्ट मी मुद्दाम राखून ठेवली होती. मिझुरी २०१२ मध्ये फुटबॉलसाठी दुसऱ्या गटात गेलं, त्या गटात कुस्ती नाही. काही वर्षं त्यांचे मल्ल तिसऱ्याच गटात खेळले, आणि २०२१ मध्ये कुस्तीपुरते जुन्या गटात, 'बिग १२'मध्ये परतले. ओक्लाहोमा २०२४ मध्ये त्याच वाटेनं गेलं, पण कुस्ती त्यांनी जुन्या गटातच ठेवली, कारण शेजारच्या ओक्लाहोमा स्टेटशी असलेली पिढ्यांची जुगलबंदी तिथं होती. फुटबॉलचा नकाशा एक आणि कुस्तीचा नकाशा वेगळा, हे कागदावर शक्य आहे, लोक ते करतात. मग पदवीसाठी मुंबई आणि कुस्तीपुरतं कोल्हापूर, असं दोन विद्यापीठांना करता येणार नाही का? तांत्रिक अडचणी निघतील, मला त्या ऐकायच्या आहेत. विद्यापीठाच्या क्रीडा विभागात काम केलेलं कुणी आज ऐकत असेल तर त्यांनी आधी बोलावं. मी इथं थांबतो. प्रश्न घेऊ या.